परसबाग प्रश्नोत्तरे: छोट्या हरितगृहातली रोपं उन्हात कशी आणावीत

प्रश्न (पर्वरी): गच्चीवर ठेवायला चार फळ्यांचं, झिपवाल्या पारदर्शक प्लॅस्टिकचं छोटं हरितगृह घेतलं आहे. माप ६९ × ४९ × १६० सेंटिमीटर. चतुर्थीच्या सुमारास त्यात मिरची, वांगी, टोमॅटो पेरले. रोपं हिरवीगार आली. पाऊस गेल्यावर कुंड्यांत लावली, तर दोन दिवसांत पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडले आणि टोमॅटोची निम्मी रोपं आडवी झाली. पाणी रोज दिलं होतं. हा कोणता रोग?

उत्तर: हा रोग नाही, ऊन लागलं आहे. ओळखायला सोपं आहे. चट्टे आकाशाकडे तोंड असलेल्या वरच्या पानांवरच असतात, खालची झाकलेली पानं चांगली राहतात आणि नंतर फुटणाऱ्या पालवीवर एकही चट्टा येत नाही. बुरशीचा ठिपका असता तर तो वाढत गेला असता, खालच्या पानांवरही दिसला असता. तेव्हा औषध फवारू नका. ज्या रोपांचा शेंडा हिरवा आहे ती पंधरा दिवसांत सावरतील. चट्टे पडलेली पानं आत्ताच तोडू नका, त्यांचा उरलेला हिरवा भाग रोपाला अजून पोसतो आहे.

हे झालं कारण प्लॅस्टिकखाली, दमट हवेत, ढगाळ दिवसांत वाढलेलं पान पातळ असतं. त्याच्यावर मेणाचा थर नीट बसलेला नसतो. पानातून पाणी उडून जातं ती रंध्रं चटकन मिटायची सवय त्याला नसते, आणि वारा न लागल्यामुळे खोडही कोवळं राहतं. ऑक्टोबरात पाऊस सरतो तेव्हा आपल्याकडे ऊन एकदम कडक पडतं. असं रोप त्या उन्हात नेलं की मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडतं. म्हणून कुंडीत ओल असतानाही ती मान टाकतात.

यावर उपाय एकच, लावणीआधी आठ-दहा दिवस रोपं टप्प्याटप्प्यानं काटक करायची. रोपवाटिकावाले याला हार्डनिंग म्हणतात. ही छोटी हरितगृहं मुळात थंड देशांसाठी बनलेली आहेत. तिथे रोपाला थंडीची सवय लावायची असते, म्हणून दिवसा उघडा आणि रात्री बंद करा अशी रीत. गोव्यात ती उपयोगाची नाही. डिसेंबर-जानेवारीतही आपल्या रात्री साधारण २० अंशांच्या आसपास असतात. त्यात मिरची-वांग्याला बाधेल अशी थंडी नसते. आपल्याकडे या हरितगृहाचं काम पावसाला छप्पर देणं आणि उन्हाला हळूहळू वाट देणं एवढंच. त्यामुळे पाऊस पडत नसेल तेव्हा झिप कधीही पूर्ण बंद ठेवू नका, रात्रीसुद्धा. उन्हात बंद प्लॅस्टिकच्या आतलं तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा सहज १० ते १५ अंशांनी वर जातं. बाहेर ३१ असेल तर आत रोपं उकडून निघतात.

आधी रॅकची तयारी. दार पूर्वेकडे करा, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन सगळ्या फळ्यांवर तिरपं येतं. आच्छादनाच्या मागच्या बाजूला, अगदी वर छपरालगत, १५ × २० सेंटिमीटरची दोन भोकं कापा आणि त्यांवर ४० मेशची (एका इंचात ४० छिद्रांची) कीटकजाळी शिवून घ्या. गरम हवा वर चढते, तिला तिथून वाट मिळते. ही भोकं नसतील तर दार उघडं असूनही वरच्या फळीवरची हवा कोंडलेलीच राहते. त्यानंतर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट प्लॅस्टिकपासून निदान ३० सेंटिमीटर वर, काठ्यांवर ताणून बांधा. प्लॅस्टिकला टेकवून टाकलेली नेट स्वतः तापते आणि ती उष्णता खाली देते. एक साधा थर्मामीटर दुसऱ्या फळीवर ट्रेच्या सावलीत अडकवा. तो ३५ दाखवायला लागला की बाजू वर गुंडाळायच्या. ४० पर्यंत जाऊ देऊ नका.

९८ खणांचा ट्रे साधारण ५४ × २८ सेंटिमीटरचा असतो. तुमच्या फळीवर तो लांबीच्या बाजूनं एकच बसतो. दोन बसवायला ते आडवे घातले की पाच सेंटिमीटर बाहेर येतात, प्लॅस्टिकला टेकतात आणि त्या कडेची रोपं रोज भाजतात. एका फळीवर एकच ट्रे ठेवा. मागे उरलेल्या २१ सेंटिमीटरांत दोडकी, काकडीच्या पिशव्या राहतील.

आता दिवसांचा हिशेब.

पहिले दोन दिवस दार रात्रंदिवस उघडं, नेट जागेवर, पाणी नेहमीसारखं. रोपांना फक्त हलता वारा मिळू द्यायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्लॅस्टिकच्या चारही बाजू वर गुंडाळून कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा, छप्पर तेवढं ठेवा, आणि सकाळी साडेनऊपर्यंत नेट बाजूला करा. पाचव्या-सहाव्या दिवशी थेट ऊन सकाळी अकरापर्यंत आणि दुपारी चारनंतर. सातव्या-आठव्या दिवशी ट्रे रॅकमधून बाहेर, फक्त बारा ते तीन नेटखाली. नवव्या-दहाव्या दिवशी पूर्ण दिवस आणि रात्र उघड्यावर, नेटही नाही. हा हिशेब उन्हाच्या दिवसांचा आहे. मध्ये दिवसभर ढग राहिले तर तो दिवस मोजायचा नाही, त्याच टप्प्यावर थांबायचं. बहुतेकांचं इथेच फसतं: दहा दिवस कॅलेंडरवर मोजले जातात, त्यातले पाच ढगाळ असतात, आणि अकराव्या दिवशी कडक ऊन पडतं. ऑक्टोबरातल्या संध्याकाळच्या गडगडाटी पावसासाठी प्लॅस्टिक खाली सोडण्याची तयारी मात्र ठेवा. जोराचे थेंब कोवळ्या रोपांना आडवं करतात आणि खणांतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) उडवून मुळं उघडी पाडतात.

फळ्यांचाही उपयोग करून घ्या. दुपारी खालच्या फळ्यांवर वरच्या ट्रेची सावली असते. त्यामुळे सुरुवातीला ट्रे खाली ठेवून दोन-दोन दिवसांनी वर चढवत नेले तर प्रकाश आपोआप वाढत जातो. सगळ्यात वरची फळी छपराजवळ असल्यानं सर्वांत तापते, ती बाजू गुंडाळल्यावरच वापरायची.

पाण्याचं गणित याच काळात बदलायचं. दोन वेळा देत असाल तर एक वेळ, सकाळी. रोप किंचित मलूल होऊ द्यायचं, पण कोरडं ठाक नाही. दुपारी तीनला पानं थोडी खाली आली आणि सूर्य कलल्यावर उठली तर बरोबर चाललं आहे. सकाळी सातलाही पडलेली असतील तर पाणी खरोखर कमी आहे. ट्रे उचलून पाहण्याची सवय लावा, ओला आणि सुका यांतला वजनाचा फरक दोन दिवसांत हाताला कळतो. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की वरून ओतलेलं पाणी कडेनं निघून जातं, गाभा कोरडाच राहतो. तसं झालं तर ट्रे उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसवा. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) देत असाल तर लावणीच्या आठवडाभर आधी थांबवा, कारण नत्रानं पुन्हा कोवळी पालवी फुटते.

दहा दिवसांनंतर रोप कसं दिसायला हवं? पान आधीपेक्षा लहान, जाड आणि गर्द, बोटांत धरल्यावर किंचित ताठ. खोड खाली थोडं जांभळट किंवा करडं. मिरची १० ते १२ सेंटिमीटर उंच, चार-सहा पानांची. खणातून ओढल्यावर मुळांची गाठ न फुटता अख्खी यायला हवी. लावणी संध्याकाळी चारनंतर करा आणि तासभर आधी ट्रेला पोटभर पाणी द्या.

याचा अतिरेकही होतो. तीन आठवडे तहानलेलं, उन्हात ठेवलेलं रोप खुरटतं, खोड लाकडासारखं होतं आणि ट्रेतच कळी धरतं. नवलकोल, फुलकोबी लावणाऱ्यांनी तर आठवड्याच्या पुढे जाऊच नये. फार ताण बसलेल्या फुलकोबीला सुपारीएवढे गड्डे येऊन ती तिथेच थांबते.

प्रश्न (सांगे): ऑगस्टमध्ये अशाच प्लॅस्टिकच्या रॅकमध्ये मिरची पेरते. उगवण चांगली होते, पण रोपं दोऱ्यासारखी लांब होतात आणि जमिनीलगत खोड बारीक पडून कोसळतात. एका कोपऱ्यात सुरू झालं की चार दिवसांत अर्धा ट्रे जातो.

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. लांबी वाढते ती प्रकाश कमी म्हणून. ऑगस्टात ढगांमुळे आधीच उजेड कमी असतो, त्यात प्लॅस्टिकवर शेवाळ आणि धूळ, आणि बहुतेक जण वरून शेडनेटही ठेवतात. पावसाळ्यात नेट काढून ठेवा आणि दर आठवड्याला प्लॅस्टिक ओल्या फडक्यानं पुसा. बी उगवताच, म्हणजे पहिली वाकलेली मान वर दिसताच, ट्रे वरच्या दोन फळ्यांवर घ्या. खालच्या फळ्या त्या महिन्यात रिकाम्याच बऱ्या.

कोसळणं म्हणजे मर. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरश्या त्यामागे असतात, आणि त्यांना हवी असते कोंडलेली ओल. सकाळी प्लॅस्टिकच्या आतून थेंब ओघळताना दिसले तर समजा की हवा खेळत नाही. दार एक हातभर उघडं, मागची भोकं मोकळी, आणि पाणी फक्त सकाळी, तेही कोकोपीटचा वरचा थर फिकट दिसायला लागल्यावर. पावसाळ्यात रोज पाणी लागतच नाही. एका खणात एकच बी टाका. ९८ खणांच्या ट्रेला साधारण १.२ किलो भिजवलेलं कोकोपीट पुरतं. ते ठासून भरू नका. मागच्या वर्षीचं कोकोपीट पुन्हा वापरू नका, आणि ट्रे साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय भरू नका.

पेरणीनंतर लगेच ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी लिटरला ५ ग्रॅम याप्रमाणे ट्रेवर ओता. मर सुरूच झाली असेल तर पडलेली रोपं आजूबाजूच्या दोन ओळींसकट खणांतल्या कोकोपीटासह काढून टाका आणि उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला अडीच ते तीन ग्रॅम ओता. दोन्ही एकाच वेळी देऊ नका, तांब्यानं ट्रायकोडर्मा मरतो. दोहोंत पंधरा दिवसांचं अंतर हवं.

मिरची काटक करायला घ्यायची ती पेरणीनंतर सुमारे तीस दिवसांनी. चाळिसाव्या दिवसापर्यंत लावणीजोगी होते. ऑगस्टच्या अखेरीस पेरलं तर ही तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पडते. पाऊस तेव्हा ओसरायला लागलेला असतो, पण ऊन भरवशाचं नसतं. म्हणून पहिली खेप सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरा, एवढाच बदल पुरेसा आहे.

प्रश्न (वास्को): तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत रॅक आहे. वाऱ्यानं दोनदा आडवा झाला. वर्षभरात झिप अडकू लागली आणि प्लॅस्टिक घडीवर फाटलं. काही टिकाऊ करता येईल का?

उत्तर: रॅक हलका असतो आणि प्लॅस्टिक पूर्ण अंगभर असलं की तो शिडासारखा वारा धरतो. सोबत येणारे जमिनीत ठोकायचे खिळे सिमेंटवर कामाचे नाहीत. सगळ्यात खालच्या फळीवर दोन विटा किंवा वाळूनं भरलेल्या दोन पाच-लिटरच्या बाटल्या ठेवा, आणि वरच्या दोन कोपऱ्यांतून नायलॉनची दोरी बाल्कनीच्या ग्रिलला बांधा. दोरी नळीला बांधायची, प्लॅस्टिकच्या कानांना नाही, ते कान पहिल्याच झोताला तुटतात. अंगणात ठेवत असाल तर खालच्या चौकटीवर आडवे टाकलेले दोन चिरे पुरतात.

नळ्या पावडर-कोटिंगच्या असल्या तरी सांध्याच्या आत गंज धरतात, समुद्राजवळ तर लवकरच. बसवण्याआधी नळीच्या टोकांना ग्रीस लावून मग जोडणीत घाला. झिपचे दात वर्षातून दोन-तीनदा ओल्या फडक्यानं पुसून त्यांवर मेणबत्ती घासा. प्लॅस्टिक फाटतं ते घडीवर आणि नळी घासते तिथे. नळीवर जुन्या सायकल-ट्यूबची पट्टी चढवली की घासणं थांबतं. फाटलेलं आच्छादन टाकून द्यायची घाई नको: बाजू कापून फक्त छप्पर आणि खाली हातभर झालर ठेवा. गोव्यात रोपं काटक करण्यासाठी असलं अर्धं आच्छादन पूर्ण आच्छादनापेक्षा चांगलं चालतं. बाजूंना कीटकजाळी लावली तर पांढरी माशी बाहेर राहते, आणि मिरचीचा चुरडा-मुरडा ट्रेमध्येच लागायचा धोका बराच कमी होतो.

खाऱ्या वाऱ्यानं पानांच्या कडा करपतात. समुद्राकडच्या बाजूला शेडनेटचा पडदा लावा आणि जोराच्या वाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रोपांवर साधं पाणी फवारून मीठ धुऊन काढा.

प्रश्न (काणकोण): खोला मिरचीचा तरवा मे महिन्यात करतो, पावसाला सुरुवात झाली की डोंगरउतारावर लावतो. त्यालाही ही पद्धत चालेल का?

उत्तर: चालेल, पण दिशा उलटी आहे. ऑक्टोबरात रोप सावलीतून उन्हात जातं. तुमचं रोप मेच्या उन्हातून जूनच्या पावसात आणि ढगात जातं. मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य गोव्याच्या जवळजवळ डोक्यावर असतो. त्या महिन्यात प्लॅस्टिक नकोच, फक्त ५० टक्क्यांची नेट किंवा झावळ्यांचा विरळ मांडव. प्लॅस्टिकचं छप्पर वळवाच्या सरींसाठी तयार ठेवा, सर गेली की लगेच काढा.

गोव्यात पाऊस सरासरीनं ५ जूनच्या आसपास पोचतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेला तरवा तेव्हा चाळीस दिवसांचा होतो. त्याला काटक करायचं ते मेच्या शेवटच्या आठ दिवसांत, ढग जमायच्या आधी. नेट सकाळ-संध्याकाळ उघडी ठेवत जा, पाणी एक वेळ करा, नत्र बंद. एकदा पाऊस लागला की आकाश झाकलेलं राहतं आणि कोवळं रोप काटक करायची संधी जाते. मग मुसळधार सरीत ते आडवं होतं आणि मातीचे शिंतोडे उडून पानं सडतात. लावताना रोपाभोवती सुक्या पानांचा थर घाला, पण खोडाला टेकवू नका, आणि उतारावर पाणी खोडाशी थांबणार नाही अशी किंचित उंच जागा करा.

प्रश्न (म्हापसा): रोपवाटिकेतून आणलेली रोपं पुन्हा काटक करावी लागतात का? आणि ती नीट केलेली असूनही वांगी फुलावर आल्यावर हिरवीच्या हिरवी मरतात, ते कशानं?

उत्तर: विचारून घ्या की ट्रे गेला आठवडाभर कुठे होते. पॉलिहाऊसच्या आत असतील तर घरी चार-पाच दिवस तरी वर सांगितलेल्या मधल्या टप्प्यांतून न्या. बाहेर उघड्यावर असतील तर एक दिवस सावलीत ठेवून दुसऱ्या संध्याकाळी लावा. फिकट, मऊ, एकमेकांवर रेललेली रोपं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

हिरव्या मरीचा काटक करण्याशी संबंध नाही. तो जिवाणूजन्य मर रोग आहे, मातीतून येतो आणि आपल्या दमट, आम्लधर्मी जांभ्या मातीत वांगी, टोमॅटो, मिरची या तिघांनाही छळतो. खात्री करायची असेल तर मेलेल्या झाडाचं खोड जमिनीजवळ तिरकं कापा आणि कापलेलं टोक काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टेकवून धरा. दोन-चार मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरताना दिसला तर तोच. त्याला औषध नाही. झाड मुळासकट काढून जाळा, त्या जागी निदान दोन-तीन वर्षं या कुळातलं काही लावू नका, तिथलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वाहू देऊ नका. पुढच्या खेपेला प्रतिकारक वाण घ्या: वांग्यात अर्का केशव, अर्का निधी, अर्का नीलकंठ, टोमॅटोत अर्का रक्षक. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनंही गोव्याच्या हवामानासाठी वांग्याचे वाण दिले आहेत, तिथे चौकशी करा.

प्रश्न (फोंडा): प्रत्येक भाजीची रोपं अशी तयार करायची का?

उत्तर: नाही. तांबडी भाजी, मुळा, भेंडी, आळसांदे (चवळी) थेट जागेवर पेरायचे. मुळ्याचं रोप हलवलं तर मूळ दुभंगतं. भेंडी आणि आळसांद्याचं मूळ खोल जाणारं असतं, त्याला हलवाहलव सोसत नाही. दोडकी, काकडी, भोपळा हवेत तर पिशवीत किंवा ५० खणांच्या ट्रेमध्ये करा, पण दोन खरी पानं येताच, म्हणजे बारा-पंधरा दिवसांत, लावा. त्यांना तीन-चार दिवसांचं काटक करणं पुरतं, पाणी मात्र तोडू नका. वेलवर्गीय रोपाला ताण दिला की ते पुढे आठवडाभर जागचं हलत नाही.